वाडा पडला म्हणून रडायचं कुणी?

पुणे-सोलापूर रस्त्यानं इंदापूरकडं येताना हल्ली 'वाडा' नावाची हॉटेलं लागतात. कुठं मटणाची, कुठं भिगवणच्या मासळीची. दिंडी दरवाजा, पितळी कड्या, ओसरीत झोपाळा, भिंतीला कंदील. आत जेवायला बसलेली मंडळी म्हणतात, काय दिवस होते ते! लग्नाआधीचे फोटो काढायलासुद्धा जोडपी अशाच दारापुढं उभी राहतात. खरे वाडे पडत गेले तसे वाड्यांचे उमाळे वाढत गेले. आणि या उमाळ्याला साहित्याचा टेकू हवा असला, की महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पुढं केलं जातं.

मैत्रिणींनो, मला या उमाळ्याशी भांडायचं आहे, आणि ते 'वाडा चिरेबंदी'च्या बाजूनं भांडायचं आहे. या नाटकाचा इतका सोयीस्कर अर्थ आपल्याकडं लावला गेलाय की त्यातली बाईच दिसेनाशी झालीय. वर्गात शिकवताना म्हणतात, 'सरंजामी कुटुंबव्यवस्थेचा ऱ्हास'. प्रयोग संपल्यावर म्हणतात, 'आमच्या आजोळची आठवण झाली'. आणि आपल्या शिबिरांत म्हणतात, 'ते ब्राह्मणांच्या वाड्याचं रडगाणं, आपल्याला काय त्याचं?' तिन्ही वाक्यं मी ऐकली आहेत. तिन्हींत प्रभा नाही.

मी काही नाट्यसमीक्षक नव्हे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत बायकांचे गट, कौटुंबिक सल्ला, कोर्टकचेरी हे माझं काम. पण वारसनोंदीच्या आणि हक्कसोडीच्या कागदांत बसून बसून मला जे नाटक पुन्हा वाचावंसं वाटलं ते हेच. विदर्भातल्या नाटककारानं विदर्भातल्या घरावर लिहिलेलं नाटक नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीत इतकं नेमकं कसं लागू पडतं, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी माणूस. एलकुंचवारांचा जन्म १९३९ सालचा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा गावचा. घराणं मूळ तेलुगू मुलखातून विदर्भात आलेलं, जमीनजुमला असलेलं. मुलगा लहानपणीच शिक्षणासाठी गावाबाहेर पडला, पुढं नागपुरात इंग्रजी घेऊन एम. ए. झाला आणि तिथंच धरमपेठेतल्या महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवायला लागला. नाटकाकडं तो वळला तो तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' पाहून. विजया मेहतांनी बसवलेलं ते नाटक त्यानं लागोपाठ दोनदा पाहिलं असं सांगतात. १९६७ साली 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथे'त आली, ती विजयाबाईंच्या नजरेत भरली, आणि पुढं 'होळी', 'गार्बो', 'वासनाकांड', 'पार्टी' अशी नाटकं येत राहिली. 'होळी' आणि 'पार्टी'वर १९८४ साली केतन मेहता आणि गोविंद निहलानींनी चित्रपट काढले. १९८५ साली विजयाबाईंनीच 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आणलं. त्याचे पुढचे दोन भाग, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', धरून तिन्ही नाटकं १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णींनी 'आविष्कार'तर्फे सलग सादर केली, आठ-नऊ तासांचा प्रयोग. २००२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार 'युगान्त'ला मिळाला. यातल्या बहुतेक काळात हा माणूस नागपुरात वर्गावर जात होता. इंग्रजी विभागाचा प्रमुख म्हणूनच तो निवृत्त झाला.

मानसन्मानाची यादी इथं थांबवते, ती कुठल्याही गौरवग्रंथात मिळेल. माझ्या दृष्टीनं या चरित्रातल्या दोन गोष्टी मोलाच्या आहेत. जमीनदार घरातला मुलगा शिकायला बाहेर गेला, आणि शिकल्यामुळं त्याला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी, कुणी काढून न घेणारी नोकरी मिळाली. त्या पगाराच्या आधारावर तिकीटखिडकीची पर्वा न करता नाटक लिहिता आलं. नाटकावर पोट असतं तर 'रक्तपुष्प' किंवा 'आत्मकथा' त्यानं लिहिली असती का, याची मला शंका आहे.

आता नाटकातल्या घराकडं वळू. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा. तात्याजी वारलेत. मुंबईहून धाकटा सुधीर आणि त्याची बायको अंजली तेराव्यासाठी आलेत. थोरला भास्कर आणि वहिनी वाडा सांभाळतात, म्हणजे चाव्या सांभाळतात. चंदू गड्यासारखा राबतो. अंगणात गंजलेला ट्रॅक्टर पडलाय. आई आहे, विचारत राहणारी म्हातारी दादी आहे. घरात दाणा नाही, पण गावजेवण देशपांड्यांच्या इतमामाला साजेसं झालं पाहिजे. आणि प्रभा आहे. घरातली मुलगी, लग्न न झालेली, हुशार. तिला शिकायचं होतं. तात्याजींनी शिकू दिलं नाही, देशपांड्यांच्या मुलीनं बाहेर जाऊन शिकणं घराण्याला शोभणारं नव्हतं. आता ती घरात आहे, कडू झाली आहे, आणि घरातलं सगळं तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

पारव्याच्या घरातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलानं धरणगावच्या घरातून शिकायला बाहेर न पडू दिलेली मुलगी लिहिली. मला तरी हे नाटकाचं मर्म वाटतं. पण प्रयोगाच्या परीक्षणांत आणि वर्गातल्या नोट्समध्ये प्रभा 'कोंडमारा झालेली अविवाहित बहीण' एवढ्या एका ओळीत उरकली जाते. कोंडमारा झाला म्हणजे कुणी केला? कशानं केला? मराठी समीक्षेला अकर्मक क्रियापद फार आवडतं. वाडा 'पडला', मुलगी 'राहून गेली', शिक्षण 'सुटलं'. पाडणारा, ठेवणारा, सोडवणारा वाक्यात कुठंच नाही.

म्हणून मी प्रभाची केस घेऊन बसले. अगदी आमच्या सल्ला केंद्रात एखादी बाई यावी तशी. तात्याजी वारले, मागं बायको, तीन मुलगे आणि एक मुलगी. साल १९८५. कायदा १९५६ चा हिंदू वारसा कायदा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगे जन्मानं हिस्सेदार, मुलगी नाही. तिला मिळायचं ते बापाच्या वाट्याला येणाऱ्या हिश्श्यातला एक तुकडा. तो तुकडा तरी मागता यायचा का? शेतात यायचा. राहत्या घरात नाही! त्या कायद्याचं २३ वं कलम सांगत होतं, की कुटुंब राहत असलेल्या घराचं वाटप मुलीला मागता येणार नाही, मुलगे आपसांत वाटप करायचं ठरवतील तेव्हाच तिचा हिस्सा पडेल. तोवर लग्न न झालेल्या, विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या मुलीला त्या घरात नुसतं राहण्याचा हक्क.

नुसतं राहण्याचा हक्क! प्रभाच्या आयुष्याचं याहून नेमकं वर्णन एकाही समीक्षकानं केलेलं मी वाचलेलं नाही. घर चिरेबंदी होतं ते चुन्या-दगडानं नव्हे, कायद्यानं. गड्यासारख्या राबणाऱ्या चंदूनंही उद्या मनात आणलं असतं तर वाटणी मागता आली असती. प्रभाला नाही. नाटककारानं २३ वं कलम वाचलं होतं की नाही मला माहीत नाही, पण त्यानं प्रभाला ज्या जागी उभं केलंय ती जागा कायद्याच्या पुस्तकात जशीच्या तशी सापडते.

आता म्हणाल, कायदा तर बदलला. बदलला. १९९४ साली महाराष्ट्रानं पहिलं महिला धोरण आणलं तेव्हा मुख्यमंत्री आमच्या बारामतीचेच शरद पवार होते. त्याच वर्षी राज्यानं वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मानं हिस्सेदार केलं. पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. म्हणजे हळद लागायची तारीख पाहून हक्क! पुढं ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुली हिस्सेदार झाल्या आणि ते २३ वं कलमही गेलं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्या तारखेला बाप हयात होता की नव्हता हे पाहायची गरज नाही, मुलीचा हक्क जन्माचाच.

कागदावर प्रभा सुटली. आता आमच्या तालुक्यांत या.

इथं वडील वारले की तेराव्याच्या आतच तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज जातो. सातबाऱ्यावर मुलग्यांची नावं मालकांच्या रकान्यात लागतात. मुलींची नावं कित्येकदा 'इतर हक्क' या रकान्यात. विहीर, बोजा, सोसायटीचं कर्ज जिथं लिहितात त्या रकान्यात आपल्या बहिणी बसवलेल्या असतात, कर्जाच्या शेजारी! काही बायकांना आपलं नाव तिथं आहे हेही माहीत नसतं. मग कधीतरी भाऊ गाडी घेऊन दारात येतो. 'आक्का, जरा इंदापूरला जाऊन येऊ, एक सही हाये.' दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयारच असतं. काहीशे रुपयांचा मुद्रांक, दोन साक्षीदार, अंगठ्याचा ठसा, फोटो. परत येताना चहा आणि साडी. उसाचा एकर काय भावानं जातो ते गाडीत बसलेल्या सगळ्यांना ठाऊक असतं, ते कुणी बोलत नाही.

ती सही का करते? आपल्याकडं याचं उत्तर 'अज्ञान' असं देण्याची सवय आहे. मला ते पटत नाही. तिला पुरतं कळत असतं. ती माहेर विकत घेत असते. नवऱ्यानं मारलं तर येऊन पडायला चार दिवसांची ओसरी, बाळंतपण, भाऊबीजेची ओवाळणी, पोरीच्या लग्नात मामाचा मान. हिस्सा मागितला की हे सगळं बंद. म्हणजे हक्क सोडून ती काय मिळवते? नुसतं राहण्याचा, तोही चार दिवस राहण्याचा हक्क. कायद्यातून गेलेलं २३ वं कलम आमच्या गावांनी भाऊबीजेच्या ताटात जपून ठेवलंय.

संत तुकाराम पालखी मार्ग बारामतीवरून इंदापूरकडं जातो. असा रस्ता रुंद होतो, जमिनी जातात, मोबदल्याची भाषा सुरू होते, तेव्हा वीस-वीस वर्षं न आठवलेल्या बहिणी एकदम आठवायला लागतात. त्या महिन्यात माहेरपणाला बोलावणी वाढतात, हे आमच्या गटातल्या बायका हसत सांगतात. हसत सांगतात म्हणून ते विनोदी होत नाही.

यावर कुणी म्हणेल, बाई, देशपांड्यांचा वाडा आणि आमचा बागायतदार यांत अंतर आहे. आहेच. इथल्या ब्राह्मणांचे वाडे १९४८ ला आणि पुढं कुळकायद्यानं रिकामे झाले. जमीन कसणाऱ्याची झाली आणि ते योग्यच झालं. पण कसणारी कोण होती? खुरपायला, भांगलायला, उसाचं बेणं दाबायला बाई, आणि कुळ म्हणून नाव लागलं बाप्याचं. जात बदलली, वाड्याचा बंगला झाला, ओसरीची पोर्च झाली. किल्ल्यांचा जुडगा मात्र त्याच कंबरेला. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेच्या बायका लाखांनी जमल्या आणि पुढं 'लक्ष्मीमुक्ती'त नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यावी अशी हाक दिली गेली, ती याचसाठी. ते काम बायकोपर्यंत आलं. बहिणीपर्यंत कोण येणार?

आणि ज्यांना वाडाही नव्हता आणि बंगलाही नाही त्यांचं काय, असं दलित वस्तीतल्या मैत्रिणी विचारतील, त्यांना माझ्याकडं गोड उत्तर नाही. धरणगावच्या वाड्यात धान्य पाखडणारी, अंगण सारवणारी बाई रंगमंचावर येत नाही. प्रभाचं दुःख तिला 'भरल्या घरातलं' वाटलं तर त्यात चूक काही नाही. पण भूमिहीन बाईच्या नावे घरकुल लागताना, गायरानाचा तुकडा नियमित होताना कागदावर कुणाचं नाव जातं, एवढं तपासून पाहा. प्रश्न तिथंही येतो, फक्त एकर जाऊन चौरस फूट येतात.

आता रंजू. भास्करची मुलगी. सिनेमाची वेडी, अभ्यासात मन नसलेली. तिला इंग्रजी शिकवायला मास्तर येतो, आणि ती घराण्याचं सोनं घेऊन त्याच्याबरोबर मुंबईला पळून जाते. सोनं जातं, रंजू परत येते. ज्या सोन्यात प्रभाचाही वाटा होता, जे रात्रीच्या अंधारात अंगावर चढवून वहिनी घटकाभर देशपांडीण होते, ते असं जातं.

हा मास्तर आपल्याला रंगमंचावर भेटत नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या लेखकानं इंग्रजीच्या मास्तरला पडद्याआड ठेवलं याची मला मोठी गंमत वाटते, आणि थोडा रागही येतो. कारण आमच्याकडं रंजू रोज घडते आणि तिचा निकाल रंजूवर लागत नाही, गावातल्या सगळ्या मुलींवर लागतो. एक पोरगी गेली की त्या रस्त्यावरच्या दहा पोरींचं कॉलेज बंद. एस.टी.चा पास बारावीपर्यंत मुलींना फुकट आहे. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फीसुद्धा माफ आहे. फी माफ करता येते, पण थांब्यावर उभ्या राहिलेल्या मुलीकडं गाव कसं बघतं ते कसं माफ करणार? 'पोरगी कुणाशी बोलताना दिसली' एवढ्यावर स्थळ बघायला सुरुवात होते. वय अठरा भरायला सहा महिने कमी असले तर लग्नाची पत्रिका न छापता देवाच्या दारात लग्न उरकतात. नाटकात रंजूच्या पळण्याचा घाव घराण्याच्या अब्रूवर पडतो. मी प्रभाच्या जागी बसून वाचते तेव्हा मला दिसतं, की तात्याजींना जी भीती दाखवून प्रभाला घरात बसवलं ती भीती रंजूनं खरी करून दाखवली असं आता सगळे म्हणणार. न शिकलेल्या मुलीच्या पळण्याचा दोष शिक्षणावर!

एवढं नाटककाराच्या बाजूनं बोलून झाल्यावर त्याच्याशीही भांडते. त्याच्या बायकांना सगळं कळतं, आणि त्या काही करत नाहीत. प्रभा बोलते, टोचते, आणि खोलीत जाते. 'वाडा'च्या आधीच्या 'रक्तपुष्प'मध्ये पाळी जाण्याच्या वयातली आई आणि पाळी सुरू झालेली मुलगी समोरासमोर आहेत. बाईच्या शरीरातल्या या उलाढालीवर मराठी रंगमंचावर इतकं उघड बोलणं धाडसाचं होतं, आणि ते पुरुषानं केलं याचं मला अप्रूप आहे. पण ती बाई शरीराच्या पलीकडं जगते का? 'आत्मकथा'त (१९८८) एक थोर साहित्यिक आपली आत्मकथा सांगतोय, प्रज्ञा नावाची तरुण अभ्यासक ती लिहून घेतेय, आणि त्याची बायको उत्तरा आणि तिची बहीण वासंती यांच्या आठवणी त्या आत्मकथेला छेद देत जातात. थोर माणसाचं आयुष्य कुणाच्या आयुष्यांतून कापून काढलेलं असतं, हे साहित्याच्या प्राध्यापकानं साहित्याबद्दल सांगितलं, हे फार मोठं काम आहे. साहित्याच्या प्रत्येक वर्गात गुणवंत कवींची चरित्रं शिकवण्याआधी हे नाटक वाचायला लावावं. तरी शेवटी लेखणी कुणाच्या हातात राहते? सांगणारा तो, लिहून घेणारी ती.

आणि 'सोनाटा'. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये अरुणा, डोलन आणि सुभद्रा अशा तीन शिकलेल्या, कमावत्या मैत्रिणी एक संध्याकाळ घालवतात. अपर्णा सेन यांनी २०१७ साली त्यावर चित्रपट काढला. म्हणजे प्रभाला जे हवं होतं ते या तिघींना मिळालंय, आणि तरी त्या एकट्या आहेत, असं दिसतं. पुरुष प्रेक्षक हे पाहून समाधानानं मान हलवतात: 'बघा, शिकून, कमावून तरी काय मिळालं?' मला त्यांना सांगायचंय, की स्वतःच्या घरातलं एकटेपण आणि भावाच्या घरातलं एकटेपण ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात मध्यरात्री दिवा लावून वाचत बसता येतं. दुसऱ्यात विजेचं बिल कोण भरतं ते ऐकावं लागतं.

आपल्या चळवळीला मात्र ही नाटकं कधी आपली वाटली नाहीत. आपली नाटकं म्हणजे ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' (१९८३), सुषमा देशपांड्यांचं 'व्हय, मी सावित्रीबाई' (१९८९), आणि चौकातली पथनाट्यं. ती हवीतच. 'मुलगी झाली हो'नं गावोगाव जे केलं ते दहा चर्चासत्रांनी झालं नसतं. पण पथनाट्यातल्या बाईला शेवटी उठून घोषणा द्यावीच लागते. आमच्याकडं सल्ल्याला येणारी बाई घोषणा देत नाही. ती प्रभासारखी बोलते: तिरकं, तोडून, अर्धं. तिला ऐकायचं कसं हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, पण समजलं ते या नाटकानं. म्हणून 'ते वरच्या जातीचं, शहरी, प्रायोगिक' म्हणून बाजूला सारणं मला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट मनात घोळतेय ती पगाराची. व्हर्जिनिया वुल्फनं १९२८ साली केंब्रिजमधल्या मुलींच्या महाविद्यालयांत सांगितलं होतं, की बाईला लिहायचं असेल तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. एलकुंचवारांना नागपुरात खोलीही मिळाली आणि पाचशे पौंडांच्या तोडीची कायम नोकरीही. त्याचं त्यांनी सोनं केलं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. माझी तक्रार अशी, की आज आमच्या तालुक्यांत साहित्य शिकवणारी व्यक्ती कित्येकदा बाई असते, एम. ए., नेट-सेट झालेली, आणि ती 'तासिका तत्त्वावर' असते. जितके तास तितके पैसे. परीक्षेच्या आणि सुट्टीच्या महिन्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. मिळायचे ते कित्येकदा वर्ष उलटून. बाळंतपणाची रजा हा शब्द तिच्या कागदात नसतो. सकाळी डबे करून, एस.टी. नं एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात 'वाडा चिरेबंदी'तलं प्रभाचं पात्र शिकवून ती संध्याकाळी सासरच्या घरी येते. त्या घरात तिला राहण्याचा हक्क आहे. ती नाटक कधी लिहिणार? गिरिजाबाई केळकरांनी खाडिलकरांच्या 'बायकांचे बंड'ला 'पुरुषांचे बंड' लिहून १९१२ साली उत्तर दिलं, १९२८ साली नाट्यसंमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्यानंतर मराठीत बाई नाटककार बोटांवर का मोजाव्या लागतात, याची चर्चा 'प्रतिभा' या शब्दानं सुरू करणाऱ्यांना मी विचारते: तिच्या नेमणुकीचा आदेश दाखवा, तिच्या खोलीची किल्ली दाखवा, मग प्रतिभेचं बोलू.

आमच्या बारामतीत बाबूजी नाइकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयानं मोरोपंत इथं राहिले आणि आयुष्यभर लिहीत राहिले. वाड्यानं कवी पोसला याचा गावाला अभिमान आहे, असावा. वाड्यातल्या कुठल्या लेकीला कुणी कागद-बोरू दिला होता का, हे मात्र गावात कुणी विचारत नाही.

येत्या शिबिरात मी सुचवतेय ते एवढंच. 'वाडा चिरेबंदी'तले प्रभाचे प्रवेश गटात मोठ्यानं वाचू. वाचायला तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दोघीतिघी मैत्रिणींना बोलवू, आणि त्यांचं प्रवासभाडं त्याच दिवशी हातात देऊ. वाचन झालं की प्रत्येकीनं आपल्या माहेरचा गट नंबर घेऊन बसायचं. सातबारा आता मोबाइलवर निघतो. मालकांची नावं वाचून झाली की खाली 'इतर हक्क' वाचायचं, फेरफार क्रमांक उतरवून घ्यायचा, आणि हक्कसोडपत्र झालेलं असेल तर त्याची नक्कल मागायचा अर्ज तिथंच लिहायचा. ज्यांना सही करायला बोलावणं आलंय त्यांनी सहीच्या आधी या. नंतर आलात तरी या, पण मग काम लांबतं.